उत्तरांवर ठेवलेला दगड

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. पाऊस नाही, ढग नाहीत, ऊनही बेताचंच, नुसता वारा. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर दोरीसकट उडायला बघत होती, आणि रस्त्यावरची धूळ तीन जिने चढून खोलीत येत होती. दार उघडं ठेवलं की आपटायचं, लावलं की खडखडायचं. वर्षातले बाकीचे दिवस मी नुसता बसून असतो. अशा वाऱ्याच्या दिवशी मात्र माझी खरी गरज लागते. आणि नेमका त्याच दिवशी मी माझ्या जागेवर नव्हतो.

मी दगड. माणसं रागाच्या भरात एकमेकांना म्हणतात तो नव्हे, खराखुरा. मुठीएवढ्या आकाराचा, काळा, एका अंगाला चपटा, पाठीवरून एक पांढरी रेघ गेलेली. शाळेचं तोंड पाहिलं नाही. जन्म अक्षरांवर बसून काढला, पण एक अक्षर वाचता येईल तर शपथ. जे सांगतोय ते कानांनी ऐकलेलं आणि अंगाखाली जाणवलेलं. सावकाश सांगेन. घाई मला कधी जमली नाही.

डोंगरातून नदीत पडलो तेव्हा मला कोपरे होते. तिखट होतो. नदीने घासलं, लोळवलं, आपटलं. किती वर्षं, ते मोजता येत नाही. कोपरे गेले आणि एक दिवस काठाला लागलो. तिथे एक जोडपं फिरायला आलं होतं. नवीनच लग्न झालेलं असावं, कारण दोघं एकमेकांशी फार जपून बोलत होते. नवरा मांडीवर वही घेऊन काही लिहीत होता, आणि वाऱ्याने पान उलटलं की वैतागत होता. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, मला पाण्यातून उचललं, पदराला पुसलं आणि पानावर ठेवलं.

"घ्या. हा धरेल. तुम्ही लिहा."

एवढंच माझं लग्न आणि एवढीच माझी नेमणूक. कागद धरायचा. दुसरं काही करायचं नाही. तेव्हापासून मी त्यांच्या टेबलावर.

नवऱ्याचे पुढे लेखक झाले. आमचे लेखक मोठे की लहान, हे मला विचारू नका. कपाटातली त्यांची पुस्तकं मी लांबूनच पाहिली आहेत. पण लोक वाचत असावेत, कारण पत्रं यायला लागली. आधी आठवड्याला एखादं, मग रोज. पोस्टमन जिन्यात धापा टाकत म्हणायचा, तुमच्यामुळे माझे गुडघे जाणार. गुडघ्यांवरून आठवलं, एका वाचकाने गुडघेदुखीवर उपाय विचारला होता. त्यालाही उत्तर गेलं होतं, डॉक्टरला दाखवा म्हणून.

उत्तरांची एक रीत होती. नवीन पत्र सगळ्यांच्या तळाला जायचं. सगळ्यात वरचं, ते त्या दिवशीचं. दिवसाला एक, दोन नाहीत. चहा झाला की लेखक ते मोठ्याने वाचत. डोळे मिटून थोडा वेळ बसत आणि पुन्हा वाचत. मग उत्तर आधी तोंडाने बोलत, जणू पत्र लिहिणारा समोरच्या खुर्चीत बसलाय. बोलून समाधान झालं की कागदावर उतरवत. उत्तर त्या पत्रावर ठेवायचं आणि दोन्हींवर मी. दुपारी बाई येत, पत्रावरचा पत्ता पाकिटावर उतरवत, उत्तर आत घालून पाकीट चिकटवत. संध्याकाळी शेजारचे शिंपी, त्यांना सगळे मास्तर म्हणत, फिरायला निघताना ते पाकीट टपालपेटीत टाकत.

कोणी विचारायचं, पेन कोणतं वापरता. कोणी दटावायचं, की तुमच्या कादंबरीतली ती खाष्ट आत्या म्हणजे आमचीच आत्या, तुम्हाला कोणी सांगितलं? पण बरीचशी पत्रं खालच्या आवाजातली असत. मला लिहावंसं वाटतं, लिहू का? मुलगा घरात असून बोलत नाही, काय करू? आयुष्य वाया गेलं असं वाटतंय, गेलं का? अशा पत्रांना लेखक जास्त वेळ देत. माणूस समोर नसतानाही त्यांचा आवाज मऊ व्हायचा.

एकच गोष्ट ते करत नसत. उत्तरात नाव घालत नसत. सगळ्यांना एकच मायना, 'प्रिय वाचक'. बाई म्हणायच्या, नाव घाला हो, माणसाला बरं वाटतं. लेखक म्हणायचे, उत्तर प्रश्नाला द्यायचं असतं. आणि प्रश्न काय, सगळ्यांचे तेच असतात. एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्या कोणालाही लागू पडलं पाहिजे, तर ते खरं.

हे मास्तरांनी एकदा ऐकलं. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. त्या काढून मग बोलले. म्हणाले, लेखकराव, मी प्रत्येक कापडाला नावाची चिठ्ठी टाचतो. नाही टाचली तर जाड्याची विजार लुकड्याला जाईल, आणि चौकात पडेल ती माझी अब्रू. सगळे हसले. लेखकही हसले. मीसुद्धा, आमच्या पद्धतीने.

आता त्या वाऱ्याच्या दिवसाकडे येतो.

लेखकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया होती, आणि पुढे महिनाभर वाचायचं लिहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वरची दोन पत्रं तशीच ठेवून जाणं त्यांच्या जिवावर आलं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका दिवशी दोन पत्रं घेतली.

पहिलं होतं एका नर्सबाईंचं. वय अडुसष्ट. दवाखान्यातून निवृत्त झाल्या, पण गल्लीतले लोक अजून इंजेक्शन द्यायला, जखम बांधायला बोलावतात आणि त्यांना नाही म्हणवत नाही. चाळीस वर्षांत पाहिलेलं मनात साठलंय, ते लिहावं का, आणि या वयात लिहून काय होणार, असं त्यांनी विचारलं होतं. सोबत नमुन्याची चार पानं होती. ती वाचताना लेखकांचा आवाज दोनदा थांबला. मग त्यांनी रिकाम्या खुर्चीला सांगितलं, "आजवर दुसऱ्यांसाठी पुष्कळ केलंत. आता बोलावणं आलं तरी जाऊ नका. ते काम उद्यापासून बंद करा आणि लिहायला बसा. वेळ थोडा आहे." ते उत्तर दीड पान भरलं.

दुसरं पत्र पाण्याच्या पंपावर काम करणाऱ्या एका सत्तावीस वर्षांच्या माणसाचं. आईबाप नाहीत, थोरल्या बहिणीने वाढवलेला. पाणी सोडायच्या आणि बंद करायच्या वेळांच्या मध्ये तो नोंदीच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूला गोष्टी लिहायचा. त्याला विचारायचं होतं, पंप सोडून पूर्ण वेळ लिहू का? लेखक त्याची गोष्ट वाचताना थांबले नाहीत. म्हणाले, "हातातलं काम सोडू नका. लिखाण अजून कच्चं आहे. दहा वर्षं कोणाला दाखवू नका. घाई कशाची? वेळ पुष्कळ आहे." हे एकाच पानात मावलं.

दोन पत्रं, दोन उत्तरं, वर मी. सगळं रीतीप्रमाणे.

दार आपटलं. दाराच्या मागे भिंतीला दार अडकवायचा एक आकडा असायचा, तो दोन दिवसांपूर्वीच निखळला होता. मास्तर पाकिटं न्यायला येतील म्हणून दार उघडं ठेवायचं होतं. ते पुन्हा आपटलं. लेखकांचं डोकं आधीच दुखत होतं. ते उठले, टेबलावर चाचपडून मला उचललं आणि दाराच्या पायाशी ठेवलं. बाईंनी विचारलं, अहो, कागद? ते म्हणाले, दहा मिनिटं.

दहा मिनिटंही लागली नाहीत. खिडकीतून वारा आला, सगळे कागद उठले आणि खोलीभर झाले. एक कपाटाखाली गेला, एक माझ्यावरून सरकून जिन्यापर्यंत. मी दार धरून बसलो होतो. मला जे धरायला आणलं होतं ते माझ्या डोळ्यांदेखत उडत होतं, आणि मी लाकडाच्या फळीला टेकून उभा. दगडाने धावून तरी किती धावायचं?

बाई धावल्या. कागद गोळा केले. त्यांचा चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. म्हणाल्या, थांबा, चष्मा आणते, कुठलं कोणाचं बघू द्या. लेखकांनी दोन्ही उत्तरं हातात घेतली, नाकाशी धरली. सकाळी त्यांनी मोठं भिंग धरून वाचलं-लिहिलं होतं, भिंगाशिवाय त्यांना धुक्यापलीकडे काही दिसत नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझं अक्षर मला कळत नाही होय? हे नर्सबाईंचं. हे पंपवाल्याचं. घाल."

बाईंनी पत्ते आधीच घालून ठेवलेल्या पाकिटांत घातलं. मला अक्षर येत नाही, पण वजन येतं. दीड पानाची घडी पंपवाल्याच्या पाकिटात गेली. मी ओरडलो असतो, पण आमच्या जातीला तोंड दिलेलं नाही. मास्तर आले, पाकिटं खिशात घातली, जाताना मला ओलांडून गेले.

पंधरा दिवसांनी नर्सबाईंचं कार्ड आलं. लेखकांच्या डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती, म्हणून बाईंनी वाचून दाखवलं. उत्तर मिळालं, तुमचं बरोबर आहे, काम सोडत नाही, आभारी आहे. बाकीचं दहा वर्षांनी बघू. बाई थबकल्या. असं का लिहिलंय हो यांनी? लेखक हसले. म्हणाले, नर्सबाई खोचक आहेत. बघ, लिहायला लागल्या असतील. कार्ड माझ्याखाली ठेवलं गेलं. इतकं हलकं कार्ड, पण मला ते पेलवेना.

पंपवाल्याकडून काहीच आलं नाही.

तीन वर्षं गेली. लेखकांना आता लख्ख दिसत होतं. रीत पुन्हा सुरू झाली होती, दिवसाला एक. असंच एक पत्र वर आलं. अक्षर मोठं, ओळी खाली उतरत गेलेल्या असाव्यात, कारण वाचताना लेखक कागद तिरका धरत होते. पंपवाल्याच्या बहिणीचं पत्र होतं.

तिने लिहिलं होतं, तुमचं उत्तर आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या भावाने काम सोडलं. पंपावरून दोनदा बोलावणं आलं, गेला नाही. पत्रात तसंच लिहिलंय म्हणाला. ठरत आलेलं लग्न मोडलं. सकाळी बसतो तो दिवे लागेपर्यंत उठत नाही. जेवताना घड्याळ बघतो. मी रागावले तर म्हणतो, ताई, वेळ थोडा आहे, त्यांनी माझ्या लिखाणात काहीतरी पाहिलंय. मी त्याला तीन डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणतात काही नाही. तुम्ही मोठे आहात, तुम्हाला काय दिसलं? त्याला काय झालंय ते ठाऊक असेल तर मला खरं सांगा. लपवू नका.

सोबत ते दीड पान होतं. घडीवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं.

लेखकांनी ते हातात घेतलं आणि रीतीप्रमाणे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला कागद खाली ठेवला. बाई दारात उभ्या होत्या. टेबलापाशी आल्या, मला बाजूला केलं, तळातलं नर्सबाईंचं कार्ड काढलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं. लेखकांनी कार्ड आणि ते दीड पान शेजारी शेजारी ठेवलं.

त्यानंतर महिनाभर लेखक रोज सकाळी बहिणीला उत्तर द्यायला बसत. खुर्चीशी बोलत, लिहीत, फाडत. माफीचं पत्र असं लांब व्हायचं की त्यात माफीच सापडायची नाही. शेवटी बाई म्हणाल्या, चूक झाली, एवढंच लिहा की. लेखक म्हणाले, त्याची तीन वर्षं गेली.

"मग आणखी किती घालवणार?"

त्या दिवशी लेखकांनी उत्तर लिहिलं. चार ओळी. ते उत्तर तुमच्या भावासाठी नव्हतं, माझ्या हातून अदलाबदल झाली, त्याला काहीही झालेलं नाही, त्याचं खरं उत्तर सोबत पुन्हा लिहून देतो आहे. आणि मायन्यात पहिल्यांदा नाव घातलं. दुसरं पत्र नर्सबाईंना, त्यांच्याही नावाने: तुम्ही लिहा, आजच बसा. दोन्हींवर मी होतो. खिडकी लावलेली होती. दोन्ही पाकिटं बाईंनी चष्मा लावून तीन वेळा तपासली.

नर्सबाईंचं पाकीट तसंच परत आलं. वर टपालखात्याने एक शब्द लिहिला होता. तो बाईंनी मनातल्या मनात वाचला आणि पाकीट पालथं ठेवलं. मला कोणी सांगितलं नाही, पण पालथ्या कागदाचं वजन वेगळं लागतं. त्यांची ती चार पानं अजून घरात आहेत. पाचवं लिहिलं गेलं नाही.

पंपवाल्याच्या बहिणीचं उत्तर आलं. तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं. तो हसला. म्हणाला, आता त्यांना माझी दया आली, म्हणून खोटं लिहितात. खाली त्याने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या. लेखकांनी त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या. "तुम्हीच पुस्तकात लिहिलंय, प्रश्न सगळ्यांचा तोच असतो. मग दुसऱ्याचं उत्तर असतं तर ते मला इतकं लागू कसं पडलं असतं?"

बाई म्हणाल्या, आपण जाऊन येऊ. दोघं गेले. मी काय, टेबलावर. संध्याकाळी परत आले तेव्हा मास्तर पाणी घेऊन आले होते, त्यांना बाईंनी सांगितलं ते मी ऐकलं. मुलगा वाळलाय, पण वागायला गोड. यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली. हे बोलले, अगदी हात जोडून बोलले. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, तुम्ही इतक्या लांबून आलात, म्हणजे फारच थोडा वेळ उरला असणार. आणि भिंतीला पाठ लावून लिहायला बसला. बहीण जिन्यापर्यंत सोडायला आली. नुसतं यांच्याकडे बघत राहिली, दुकानात फाटकं कापड गळ्यात मारलं की बघतात ना, तसं.

मास्तरांना टोमणा मारायची हीच वेळ होती. चिठ्ठी टाचायची गोष्ट त्यांना आठवलीच असणार. ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी त्यांना मानतो.

लेखकांनी उत्तरं देणं थांबवलं. जाहीर काही केलं नाही, नुसतं थांबवलं. पत्रं येत राहिली, माझ्याखाली चढत राहिली. मी इतका उंच गेलो की मला खिडकीतून टपालपेटी दिसायला लागली. चहा झाला की लेखक खुर्चीत येऊन बसत. वरचं पत्र उचलत, पहिला शब्द वाचत, खाली ठेवत. कोणी विचारलेलं असायचं, लिहू का? कोणी विचारलेलं असायचं, पेन कोणतं वापरता? पेनाचंसुद्धा उत्तर त्यांच्याच्याने देववेना. कोण जाणे, पेनाच्या उत्तरावरून कोण काय करून बसेल.

उत्तर येत नाही म्हटल्यावर लोक विचारायचे थांबतात. आठवड्याला एक, मग महिन्याला एक. पोस्टमनचे गुडघे वाचले. गेल्या वर्षी बाईंनी सगळी पत्रं बांधून ट्रंकेत ठेवली. टेबल पुसलं. मला पुसलं आणि परत जागेवर ठेवलं, सवयीने. माझ्याखाली आता नुसतं लाकूड आहे.

पंपवाल्याचं एक कार्ड तेवढं मध्ये येऊन गेलं होतं. लिखाण संपत आलंय, वेळ पुरला तर पाठवतो. त्याला दोन वर्षं झाली. रोज जिन्यात पावलं वाजली की लेखक मान वर करतात. पावलं वरच्या मजल्यावर जातात, किंवा मास्तरांकडे वळतात. बहिणीला विचारावं, असं बाई एकदा म्हणाल्या. लेखक म्हणाले, काय विचारू? त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

माणसं म्हणतात, दगडाला पाझर फुटत नाही. नसेल फुटत. पण रोज सकाळी मी त्यांचा हात पाहतो. तो पेनाकडे जातो, वाटेत थांबतो आणि माझ्यावर येऊन बसतो. हात गार असतो. मी त्याहून गार. दोघं तसेच बसतो, चहावर साय धरेपर्यंत. ते काय विचार करतात मला कळत नाही. मी एकच करतो. मी त्या दिवशी दारापाशी नसतो तर.

तुम्ही हे ऐकलंत, तर एवढं करा. मला नदीत टाका, भिंतीत घाला, वाटेवर फेकून द्या. पायाखाली आलो तरी तक्रार नाही. त्या दारापाशी तेवढं ठेवू नका. तिथून खोली पूर्ण दिसते.

आज पुन्हा वारा सुटलाय. पाऊस नाही, ढग नाहीत. आकडा तेव्हाचा निखळलेला, अजून कोणी ठोकलेला नाही. दार आपटतंय, आणि प्रत्येक वेळी लेखकांचे खांदे दचकतात. बाई आत झोपल्या आहेत. मास्तर आत्ताच डोकावले, गळ्यात टेप तसाच. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग टेबलाकडे. हळूच आत आले, मला उचललं, हातात तोलून पाहिलं, आणि खुर्चीशी वाकून म्हणाले,

"लेखकराव, हा दाराला लावू का? इथे आता उडण्यासारखं काही नाही."